एकच प्रेस, तीन पगार : मकरपुरा, कडियानाका आणि एक डच समाजशास्त्रज्ञ

सूरसागर

धागा लांब झालाय, चहा घेऊन बसा.

चौदा वर्षं मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे पगारपत्रकं केली. नाव विचारू नका. सात तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे असा नियम, त्यामुळे पाच-सहा तारखेला आमच्या केबिनमध्ये लग्नघराची धांदल असायची. ज्या कारखान्याला आम्ही माणसं पुरवायचो तिथे एक पॉवर प्रेस होता, साच्यात (डायमध्ये) पत्रा दाबून आकार देणारा. सकाळच्या पाळीत त्यावर कंपनीचा कायम माणूस असे, दुपारी आमचा ठेक्यावरचा आणि रात्री आमच्याही खालच्या ठेकेदाराने आणलेला कुणी. प्रेस तोच, डाय तोच, बोटं जाण्याची भीतीही तीच. कायमवाल्याच्या पावतीवर चाळीस हजारांच्या वरचा आकडा, आमच्या माणसाच्या पत्रकावर तेरा. तिसऱ्याच्या हातात किती पडायचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते पैसे मुकादम घेऊन जायचा.

मला यात काही खटकायचं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. कायमवाला जुना, त्याला जास्त, असं मी धरून चालले होते. एकदा नुसतं कुतूहल म्हणून रुजू झाल्याच्या तारखा पाहिल्या. आमचा दुपारचा माणूस कायमवाल्याहून दोन वर्षं जुना निघाला. दर अकरा महिन्यांनी त्याचं कार्ड बंद करून नवीन निघायचं, म्हणून कागदावर तो कायम नवाच.

आता मुलगी आपल्या युनिव्हर्सिटीत समाजशास्त्रात एम.ए. करते. तिच्यामुळे यान ब्रेमन हे नाव घरात आलं. हा ॲमस्टरडॅमचा समाजशास्त्रज्ञ १९६२ मध्ये पहिल्यांदा दक्षिण गुजरातेत आला, सुरत-वलसाडकडच्या खेड्यांत राहिला आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं पुन्हा पुन्हा त्याच भागात येत राहिला. सुरुवातीला त्याचा विषय होता हाळीपद्धत. हळपती, ज्यांना पूर्वी दुबळा म्हणत, त्या समाजातला गडी लग्नासाठी अनाविल ब्राह्मण जमीनदाराकडून पैसे घ्यायचा आणि त्या कर्जापायी जन्मभर त्याच्या शेतावर राबायचा. बायको मालकाच्या घरात धुणीभांडी करायची. कर्ज फिटत नसे, फिटावं अशी मालकाचीही इच्छा नसे. पण त्या व्यवहारात मालकावर थोडी जबाबदारीही होती. अडीनडीला धान्य देणं, आजारपणात बघणं. ब्रेमनचं म्हणणं असं की पुढे नगदी शेती आली तेव्हा मालकाने ही जबाबदारी अंगावेगळी केली. मजूर मोकळा झाला, पण पोट भरण्याची हमी कुणाकडेच उरली नाही.

याच्यापुढचं वाचून मी उठून पाणी प्यायले. बारडोलीच्या बाजूला साखर कारखाने निघाले आणि ऊसतोडीला माणसं लागली. गावातच हळपती रिकामे बसलेले, तरी कारखान्यांनी टोळ्या आणल्या आपल्या खानदेशातून. का? सांगितलं जायचं की स्थानिक लोक आळशी आहेत, त्यांना हे काम झेपत नाही. ब्रेमनने दाखवलं ते वेगळंच. बाहेरून आणलेला माणूस उचलीने बांधलेला असतो, फडाशेजारीच झोपडं करून राहतो, रात्री दोन वाजता गाडी आली तरी भरायला उठतो. सणाला घरी जातो म्हणत नाही, भांडण झालं तर गाव त्याच्या मागे उभं राहत नाही. हंगाम संपला की निघून जातो. आणि त्याच वेळी गावचा हळपती कामासाठी तिसरीकडेच गेलेला असतो, तिथे तोही बाहेरचाच. १९९६ मध्ये त्याचं ‘फुटलूज लेबर’ आलं, ते या फिरत्या मजुरांवरच आहे.

आमच्या रात्रपाळीचं कोडं मला तिथे सुटलं. मालक कमी दरात माणूस शोधतो हे तर आहेच, पण त्याच्याही आधी तो ‘नाही’ म्हणू न शकणारा माणूस शोधतो. दर मग आपोआप उतरतो.

तुम्ही काय काय पाहिलंय ते लिहा. पुस्तकातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं.

लेथमास्तर

ताई, लिहिलंय छान, पण गोष्ट एका बाजूची आहे.

माझं छोटं युनिट आहे, अकरा माणसं. सीएनसी (कॉम्प्युटरवरचं मशीन) चालवणाऱ्या पोराला मी २८ हजार देतो, कारण २७ दिले तर तो वाघोडियाला पळतो. झाडलोट करणाऱ्याला १३, कारण त्या दरात गेटवर आणखी चार जण उभे आहेत. यात समाजशास्त्र कुठे आलं? मागणी-पुरवठा आहे. कौशल्य वाढवा, पगार वाढेल. आमच्या वडिलांनी टर्नर म्हणून सुरुवात केली, दांडियाबाजारात दोन खोल्यांत आम्ही सहा जण. त्यांना कुणी समाजशास्त्र शिकवलं नव्हतं.

दुसरं, सगळे मालक म्हणजे राक्षस नव्हेत. मोठ्या कंपनीला मी माल देतो, बिल ९० दिवसांनी मिळतं, कधी १२०. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्या असं २००६ च्या कायद्यात लिहिलंय. मग मी दावा लावू? पुढची ऑर्डर कुणाला जाईल? माझी माणसं सात तारखेला हात पसरतात, तेव्हा मी बँकेपुढे हात पसरलेला असतो.

सूरसागर

मास्तर, सीएनसी आणि झाडू यांतल्या फरकाबद्दल मी बोललेच नाहीये. एकाच प्रेसवरच्या तीन माणसांबद्दल बोलते आहे. आणि दावा लावला तर ऑर्डर जाईल, म्हणून तुम्ही गप्प बसता असं तुम्हीच लिहिलंत. माझा रात्रपाळीवाला याहून वेगळं काय करत होता?

शेवउसळ

मास्तर आऊट. पुढचा बॅट्समन पाठवा.

गंमत सोडा. मी रोज सकाळी साडेसातला कडियानाक्यावरून जातो, ऑफिसची बस तिथेच मिळते. कडिया म्हणजे गवंडी, रोजंदारीवाले तिथे कामाची वाट बघत उभे असतात. दाहोद, छोटाउदेपूर, झाबुआकडची माणसं. घमेलं, फावडं, कडेवर पोर. एक गोष्ट ताईंच्या उपयोगाची. साडेसातला कडिया जो दर सांगतो तो दहा वाजता सांगत नाही. दहानंतर जे उरतात त्यांचा दर संध्याकाळच्या पालेभाजीसारखा उतरतो. माणूस तोच, हात तेच, थापीही तीच. मास्तरांचं कौशल्य अडीच तासांत कमी झालं म्हणायचं का?

दुसरी गोष्ट, नवरा-बायको जोडीने उभे असतील तर शेठ दर विचारतो फक्त नवऱ्याला.

लेथमास्तर

दहा वाजता मागणी कमी म्हणून दर कमी. हे तर माझंच म्हणणं झालं की!

शेवउसळ

असेल. पण मग मला ‘कौशल्य वाढवा’ सांगू नका, ‘लवकर उठा’ सांगा.

कमाटीबाग

मंडळी, बडोद्यात बसून हा विषय निघाला आणि संकल्पभूमीचं नाव कुणीच काढलं नाही?

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. करार असा, की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. त्याप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते इथे आले. अर्थशास्त्रातली पदवी हातात, राजाचा पाठिंबा डोक्यावर. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकायचे. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी असल्याचं सांगून एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. दुसरीकडे कुठेच आसरा मिळाला नाही आणि त्यांना बडोदं सोडावं लागलं. आपण जिथे नातवंडांना खेळायला नेतो त्याच कमाटीबागेतल्या वडाखाली ते त्या दिवशी बसले होते. तीच संकल्पभूमी.

मास्तर, कौशल्य म्हणता ना? या माणसाहून जास्त कौशल्य त्या कचेरीत कुणाकडे होतं? त्यांनी १९३६ मध्ये लिहिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. मला तर पगाराच्या विषमतेवरचं एवढं नेमकं वाक्य कुठल्या प्राध्यापकाकडून ऐकल्याचं आठवत नाही. आणि मी प्राध्यापक पुष्कळ ऐकलेत. आपल्या युनिव्हर्सिटीत समाजशास्त्राचा विभाग एम. एन. श्रीनिवास यांनी उभा केला, १९५१ पासूनचा काळ. आय. पी. देसाईही इथेच शिकवत, पुढे त्यांनी सुरतेला संशोधन संस्था काढली. ब्रेमनचं नाव आम्ही त्या पिढीकडूनच ऐकलं.

एचआरवाली

काकांचं वाचून लिहितेय. मी मूळची रावपुऱ्याची, सध्या पुण्यात एचआरमध्ये आहे.

१९१७ फार लांब वाटतं म्हणून जवळचं सांगते. सुखदेव थोरात हे अर्थतज्ज्ञ आणि पॉल अटेवेल हे समाजशास्त्रज्ञ, दोघांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना टपालाने अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावात. वरच्या जातीच्या हिंदू आडनावाला बोलावणं येण्याचा जो संभव, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश दलित आडनावाला आणि जेमतेम एक तृतीयांश मुसलमान नावाला. मुलाखत तर अजून झालेलीच नाही हं. नुसता लिफाफा उघडलाय.

कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी त्याच सुमारास एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि मग जवळपास सगळे म्हणाले, मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ विचारतो. वडील काय करतात, भाऊ काय करतो, कुठे वाढलात. ते वाचलं त्या दिवशी मी आमचा मुलाखतीचा फॉर्म काढून पाहिला. तिसरा प्रश्न : वडिलांचा व्यवसाय. आठ वर्षं मी तो भरून घेत होते आणि कधी कुणाला विचारलं नाही की बाबा, वडिलांच्या व्यवसायाचं आपण करणार काय?

प्रश्न काढायला सहा महिने लागले. मजा म्हणजे विरोध कुणीच केला नाही. ‘असू दे ना, काय बिघडतं’, एवढंच.

शेवउसळ

आमच्या गुजराती शेजाऱ्याचं ठरलेलं वाक्य आहे, ‘ओळखाण ए सौथी मोटी खाण’. ओळख हीच सगळ्यात मोठी खाण. माझी पहिली नोकरी त्याच्याच मेहुण्याने लावली, त्यामुळे मी तोंड उघडत नाही.

कमाटीबाग

शेवउसळ, तुमच्या शेजाऱ्याचं वाक्य अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी सिद्ध करून दाखवलं. बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या नोकरदारांना विचारलं, नोकरी कशी लागली? निम्म्याहून अधिक म्हणाले, ओळखीतून. आणि जिवलग मित्रापेक्षा लांबचा ओळखीचा जास्त कामाला आला. जिवलगाला माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच, लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळातली बातमी आणतो. ‘मेहुणा’ बरोबर बसतो.

पण नाक्यावरच्या माणसाचं काय? त्याच्या ओळखीचे सगळे त्याच नाक्यावर उभे. लांबचा म्हणावा असा एकच, मुकादम. आणि तो बातमी आणतो ती उचलीसकट.

फिक्सपगारी

ताई, सरकारात पण तीन पगार आहेत, जीआयडीसीतच कशाला जाता? मी शिक्षिका, पहिली पाच वर्षं फिक्स, म्हणजे ठरावीक रकमेच्या पगारावर. शेजारच्या वर्गात पूर्ण वेतनश्रेणीवाल्या बेन. इयत्ता तीच, पेपर तपासायचे गठ्ठेही तेवढेच. निवडणुकीची ड्यूटी मात्र मला दोनदा, कारण मी नवी. फिक्सवाल्यांचा आकडा २०२३ मध्ये सरकारने ३० टक्के वाढवला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले, म्हणजे बघा आधी काय असेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात समान कामाला समान वेतन असा निकाल दिलाय. स्टाफरूममध्ये सगळ्यांना तो तोंडपाठ आहे. प्राचार्यांसमोर कुणी म्हणत नाही.

तरी मी रडत नाही, पाच वर्षं भरली की मी पूर्ण पगारात जाईन. ताईंच्या दुपारच्या माणसाला पाचवं वर्ष कधी येतच नाही.

तापीकाठ

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहावं लागलं.

ज्या टोळ्यांबद्दल सूरसागर ताईंनी लिहिलंय, त्यात माझे आईबाप होते. शहादा तालुका. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम उचल द्यायचा, दिवाळी झाली की ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, आम्ही पोरं आणि दोन पोती ज्वारी, आणि थेट बारडोलीकडे. सहावीपर्यंत माझी शाळा दिवाळीनंतर बंद आणि पावसाळ्यात चालू.

पुस्तकात ‘कोयता’ असेल, पण तो काय असतो ते सांगतो. हत्यारालाही कोयता म्हणतात आणि माणसांच्या हिशेबालाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. बाप तोडणार, आई पाचट काढून मोळी बांधणार, डोक्यावर वाहून गाडीपाशी आणणार. माझ्यासारखं पोर वाढं गोळा करणार. मजुरी टनावर, म्हणजे वजनावर, आणि लिहायची कोयत्याच्या नावे. कोयता बापाचा. आईचा दर बाईचा म्हणून कमी होता का, असं कुणी विचारलं तर काय सांगू? तिला दरच नव्हता.

तिच्या हातात स्वतःचे म्हणून पैसे यायचे ते वाढ्याचे. उसाचा शेंडा, हिरवा चारा. गवळी येऊन घेऊन जायचे. ते पैसे ती लुगड्याच्या गाठीत बांधायची आणि बाप ते मागत नसे. माझी आयटीआयची पहिली फी त्या गाठीतून गेली.

आज मी इथे एका मोठ्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, ठेक्यावर. लेथमास्तर, कौशल्य वाढवलं आणि पगार वाढला, तुमचं म्हणणं खोटं नाही. बापापेक्षा मी बराच वर आहे. पण माझ्या शेजारी कंपनीचा टेक्निशियन बसतो, तोच ट्रान्समीटर कॅलिब्रेट करतो, आणि त्याच्या पगारात मी अडीच बसतो. तो माझ्याच आयटीआयचा, एक वर्ष मागे.

सूरसागर

तापीकाठ दादा, दोनदा वाचलं.

तुम्ही जे ‘तिला दरच नव्हता’ लिहिलंत, त्यावर मुलीशी आत्ता अर्धा तास बोलणं झालं. तिचं म्हणणं, बायकांना कमी मजुरी का, या प्रश्नावर समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. पण तो लागू करायला दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात, बाईचा आणि पुरुषाचा. जोडीचा एकच आकडा असला की कायद्याला धरायला काही मिळतच नाही. शेवउसळ, तुमच्या नाक्यावरचा शेठही नवऱ्यालाच विचारतो ना, तेच.

किमान वेतनाचा कायदा तर १९४८ चा. तो शेतमजुरांपर्यंत पोचवणाऱ्या गुजरातेतल्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं काम ब्रेमनने जवळून पाहिलं आणि १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. वाचताना मला आमच्याकडचा तपासणीचा दिवस आठवला. साहेब यायचे, मस्टर बघायचे, सह्या बघायचे. सह्या असायच्याच, मीच घेतलेल्या. पुढे पगार बँकेत जाऊ लागला तेव्हा वाटलं आता सुटले. महिन्याभरात काही जणांची एटीएम कार्डं मुकादमाच्या पाकिटात गेली. ती मी पाहिली आहेत, रबरबँड लावलेला गठ्ठा. मी काय केलं विचाराल तर काही नाही. पत्रक बरोबर होतं, बेरीज जुळत होती.

एचआरवाली

ताई, हे लिहायला धाडस लागतं.

एक भर घालते. अमेरिकेत पॉला इंग्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २००० पर्यंतची जनगणना घेऊन पाहिलं की एखाद्या धंद्यात बायका वाढल्या की पुढे त्या धंद्याचा पगारच घसरतो. आपण नेहमी उलटं म्हणतो, बायका कमी पगाराची कामं निवडतात. म्हणजे तिथे आकडा असून ही गत.

लेथमास्तर

तापीकाठ, तुमच्या पोस्टला माझ्याकडे उत्तर नाही.

तरी एक म्हणेन. या साखळीत मी मधला आहे. वरचा मला दाबतो, मी खालच्याला. ताईंचा ठेकेदारही मधलाच. तुमच्या ब्रेमनने फड पाहिला, कारखान्याचं ऑफिस किती पाहिलं असेल? आमच्यासारख्याच्या टेबलावर येऊन कुणी बसलं तर त्यालाही दिसेल की दर मी ठरवत नाही. कोटेशनमध्ये मजुरीचा आकडा वरून ठरून येतो, त्यात किमान वेतनही बसत नाही आणि समोरच्या परचेस मॅनेजरला ते पक्कं ठाऊक असतं.

कमाटीबाग

मास्तर, हे आधीच लिहायचंत. एवढं महत्त्वाचं या धाग्यात अजून कुणी सांगितलं नव्हतं.

फिक्सपगारी

+१. लेथमास्तर, यावर वेगळा धागा काढा. कोटेशन कसं बनतं, ओळीनिशी.

तापीकाठ

आईला फोन केला होता. मुकादमाची वही अजून गावात त्याच्या मुलाकडे आहे म्हणाली. तिला विचारलं, तुझं नाव असेल का गं त्यात? तर हसली. म्हणाली, नाव कशाला, वजन होतं ना.

होळीला गावी जाईन तेव्हा बघून येतो. मिळाली तर फोटो टाकतो, नावं झाकून.

लेथमास्तर

काल रात्री बसून हिशेब केला. माझ्याकडे ओव्हरटाइम सिंगल रेटने जातो. कायद्यात डबल आहे, मला माहीत आहे, सगळ्या लाइनीत कुणीच देत नाही. अकरा जणांचा डबल धरला तर महिन्याला बँकेच्या हप्त्याएवढी रक्कम होते. दोन माणसांपासून सुरुवात करता येईल असं वाटतं. आत्ता नाही, मोठ्या कंपनीचं बिल आलं की.

सूरसागर

बिल कधी येणार?

लेथमास्तर

९० दिवसांनी.